बिराजदार, हरिश्चंद्र

(१९५०–२०११). महाराष्ट्रातील ख्यातनाम मल्ल व कुस्तीप्रशिक्षक. जन्म निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या खेड्यात. हा भाग त्या वेळी हैदराबाद राज्यात मोडत होता. लातूर हा स्वतंत्र जिल्हा पुढे १९८२ मध्ये अस्तित्वात आला.

मराठवाड्यात कुस्तीची आवड जुनी आहे. लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत, तसेच नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचे फड भरतात. पोरांच्या नारळावरील कुस्त्यांनी आरंभ व्हावा आणि मोठ्या इनामाच्या जोडीने शेवट व्हावा, ही तेथील रीत. परंतु यात्रेतील फड वेगळा आणि वर्षभर चालणारी तालीम वेगळी. होतकरू मुलास बारमाही मेहनत, खुराक व जाणता वस्ताद यांची जोड मिळावी, अशी सोय या प्रदेशात फारशी नव्हती. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने तालमींना जे स्थैर्य लाभले, त्याला तोड येथे नव्हती. साहजिकच बिराजदारांनाही गाव सोडून कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत जावे लागले.

महाराष्ट्र केसरी किताबासाठीचे १९६९ चे अधिवेशन लातूर येथे भरले आणि तो किताब बिराजदारांनी पटकाविला. घरच्या मातीत मिळालेल्या या यशाने त्यांचे नाव मराठवाड्यात घरोघर पोहोचले. पुढच्याच वर्षी एडिंबरो येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत त्यांनी सुवर्णपदक मिळविले. रुस्तुम-ए-हिंद हा किताबही त्यांच्या नावे आहे. तथापि जुन्या शौकिनांच्या तोंडी अधिक असते ती बेळगावच्या मैदानातील १९७७ ची लढत. तीत त्यांनी दिल्लीचे गुरू हनुमान यांचे शिष्य सत्पाल यांना पराभूत केले. सत्पाल हे वयाने लहान, परंतु त्या काळी उत्तरेतील अत्यंत भारी मल्लांत गणले जात. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांत त्यांना सुवर्णपदक मिळाले. पुढे हे दोन्ही प्रतिस्पर्धी प्रशिक्षक झाले, हा योगायोग लक्षणीय आहे. सत्पाल यांनी सुशीलकुमारला घडविले. बिराजदारांनी पुण्यातील गोकुळ वस्ताद तालमीत शिष्यवर्ग उभा केला.

त्यांच्या प्रशिक्षणकार्याचे महत्त्व समजण्यास माती व मॅट यांतील भेद ध्यानात घ्यावा लागतो. ताक, तेल, हळद घालून मऊ केलेल्या लाल मातीत पैलवान चितपट होईपर्यंत कुस्ती चाले. धीर, दम व संधीची वाट पाहण्याची वृत्ती यांना तेथे मोल होते. मॅटवर वेळ मिनिटांत मोजलेली असते आणि निकाल बहुधा गुणांवर लागतो. ग्रीको-रोमन प्रकारात तर कमरेखाली पकड करण्यास मनाई असल्याने एकेरी पट, दुहेरी पट यांसारखे पायांवरचे डाव निरुपयोगी ठरतात. ढाक लावणाऱ्यालाही पायाचा आधार घेता येत नाही. मातीत वाढलेल्या वस्तादाने या नव्या खेळासाठी शिष्य तयार करणे म्हणजे स्वतःचे अर्धे शास्त्र बाजूस ठेवणे होय. अनेक नामवंत वस्तादांना ते मानवले नाही. बिराजदारांच्या तालमीतून मात्र ग्रीको-रोमन प्रकारातला राष्ट्रीय कीर्तीचा मल्ल निघाला : लातूर जिल्ह्यातीलच काका पवार. त्यांना १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. प्रस्तुत लेखकाच्या मते बिराजदारांच्या कोणत्याही किताबापेक्षा ही कामगिरी मोठी मानावी लागेल.

बीड जिल्ह्यातील पाटोदा येथील राहुल आवारे हा त्यांच्या अखेरच्या काळातील शिष्य. हा कोवळ्या वयात पुण्यास आला. खेळाडू म्हणून व निवृत्तीनंतरही केलेल्या आजीवन कार्याबद्दल बिराजदारांना २००६ मध्ये ध्यानचंद पुरस्कार देण्यात आला. सप्टेंबर २०११ मध्ये पुणे येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा आवारे नावारूपास येत होता. वस्ताद गेल्यावर तालमीतील पोरे पांगतात, असा सर्वसाधारण अनुभव. येथे तसे घडले नाही. थोरल्या गुरुबंधूने, म्हणजे काका पवारांनी, पुण्यातील आपल्या कुस्ती संकुलात आवारेला पुढे शिकविले. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्ट येथील राष्ट्रकुल स्पर्धांत ५७ किलो गटात त्याने सुवर्णपदक मिळविले व ते आपल्या दिवंगत गुरूस अर्पण केले. बिराजदारांच्या एडिंबरो येथील पदकाला तेव्हा ४८ वर्षे झाली होती. २०१९ मध्ये नूर-सुलतान येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतही आवारेला ६१ किलो गटात कांस्यपदक मिळाले.

एक उणीव नोंदविणे प्राप्त आहे. गुरू, शिष्य व प्रशिष्य हे तिघेही मराठवाड्याचे. परंतु तिघांचीही तालीम कृष्णा-पंचगंगेच्या वा मुळा-मुठेच्या काठी झाली. बिराजदारांना जी वाट कोल्हापूरची धरावी लागली, तीच पुढील पिढ्यांना पुण्याची धरावी लागली.