गाडीत काय भरलंय?

साहित्य म्हणजे गाडी आणि तिने वाहायचा माल म्हणजे 'मार्ग'. अकराव्या शतकातला चिनी विचारवंत झोउ दुनयी (1017–1073) याचं हे म्हणणं. तो पुढे म्हणतो, चाकं आणि दांड्या छान सजवल्या पण गाडी कुणी वापरलीच नाही, तर सगळी सजावट फुकट. मग जी गाडी मुळातच रिकामी आहे, तिच्याबद्दल बोलायलाच नको.

मी राजुरीचा. जुन्नर-आंबेगावात रिकाम्या गाडीबद्दल असं बोलून बघा, कुणी ऐकून घेणार नाही. आमच्या जत्रांना तोबा गर्दी होते ती रिकाम्या गाडीसाठीच. शर्यतीच्या बैलगाड्यात माल नसतो, नुसता वेग असतो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या. डिसेंबर 2021 मध्ये परवानगी परत मिळेपर्यंत माणसं या रिकाम्या गाडीसाठी झगडत राहिली. आणि याच मुलखातून दिंड्या निघतात, पालखीच्या रथाला बैल जुंपले जातात, त्या रथात पादुका असतात. भरलेली गाडी आणि रिकामी गाडी, दोन्ही आमच्याच. म्हणून झोउचा प्रश्न मला परका वाटत नाही. गाडीत काहीतरी असायलाच हवं का?

आधी 'मार्ग' म्हणजे काय ते बघू. चिनी शब्द आहे 'दाओ'. आपण तो 'ताओ' म्हणून ऐकलेला असतो आणि काहीतरी गूढ असेल असं समजतो. कन्फ्यूशियसच्या परंपरेत तो बराच जमिनीवरचा आहे. दाओ म्हणजे वाट, माणसाने माणसाशी वागायची रीत. मुलगा, मित्र, अधिकारी, राजा म्हणून नीट वागणं म्हणजे वाटेवर असणं. साहित्याला त्यांचा शब्द 'वेन'. त्याचा जुना अर्थ नक्षी. नक्षीवरून अक्षर आणि अक्षरावरून साहित्य. म्हणजे प्रश्न असा होतो: नक्षीचा आणि वागण्याचा संबंध काय?

झोउच्या अडीचशे वर्षं आधी हान यू (768–824) या लेखकाने एक बाजू मांडली होती. त्याच्या काळात नटवं, जोडीजोडीने वाक्यं रचलेलं गद्य लोकप्रिय होतं. ते सोडून जुन्या साध्या गद्याकडे चला, असं तो सांगत होता. कारण त्याला जुनी वाक्यं नको होती, जुन्या लोकांची वाट हवी होती.

झोउकडे लहानपणी शिकलेला छंग यी (1033–1107) मात्र एकदम दुसऱ्या टोकाला गेला. लिहिण्याने मार्गाला अपाय होतो का, असं विचारल्यावर त्याने सरळ 'होतो' म्हटलं. मन एकेका वाक्यात अडकलं की लहान होतं. चीनचा थोर कवी दू फू याने फुलांत शिरणारी फुलपाखरं आणि पाण्याला टेकून उडणारे चतुर यांवर लिहिलं होतं. छंग यीने विचारलं, असल्या रिकाम्या गोष्टी सांगायच्याच कशाला?

बाराव्या शतकात झू शी (1130–1200) आला आणि त्याने हा प्रश्न मुळाशी नेला. मार्ग हे मूळ, साहित्य म्हणजे फांद्या-पानं. झाड एकच. कवी सू शीबद्दल त्याची तक्रार अशी होती, की हा आधी लिहायला बसतो आणि मग ऐनवेळी कुठूनतरी मार्ग शोधून आणून त्यात घालतो. आजच्या कितीतरी पोस्टींमध्ये शेवटी चिकटवलेला बोध वाचताना मला झू शी आठवतो.

आता आपल्याकडे येऊ. राजुरीजवळच आळे गाव आहे. तिथे एका रेड्याची समाधी आहे. कथा सगळ्यांना माहीत असते. पैठणला ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. परतीच्या प्रवासात तो रेडा आळ्याला गेला आणि तिथेच त्याला समाधी दिली, असं परंपरा सांगते. आपण ही गोष्ट चमत्कार म्हणून ऐकतो. मला त्यात छंग यीसारखीच शंका दिसते. पैठणच्या विद्वानांकडे पाठांतर होतं, पण दारात आलेल्या संन्याशाच्या पोरांना ते माणसासारखं वागवत नव्हते. शब्द अचूक म्हणणं हीच जर वाट असेल, तर ते रेड्यालाही जमतं, असंच ही गोष्ट सांगते.

पण त्याच ज्ञानेश्वरांनी 1290 मध्ये नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण केली. तिच्या सुमारे 9,000 ओव्यांत उपमांची नुसती रेलचेल आहे. आपली मराठी अमृतालाही हरवेल, असा तिच्या कर्त्याचा दावा आहे. छंग यीला हे सोसलं नसतं, झू शीला कदाचित चाललं असतं. कारण तिथे गीतेचा अर्थ एका बाजूला आणि सौंदर्य दुसऱ्या बाजूला, असं वेगळं काढता येत नाही. सतराव्या शतकातल्या तुकोबांच्या वह्यांची कथाही हेच सांगते. वह्या इंद्रायणीत बुडवल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, असं काही जण म्हणतात. काही जण म्हणतात, अभंग लोकांना पाठ होते म्हणून वाचले. दुसरं उत्तर मला जास्त पटतं. गाडी बुडाली तरी माल बुडाला नाही, कारण तो चालणाऱ्यांच्या तोंडी होता.

इथे इतिहासात दोन वाटा फुटतात. ज्ञानेश्वरीनंतर 23 वर्षांनी, 1313 मध्ये, चीनच्या मंगोल सम्राटाने सरकारी नोकरीच्या परीक्षा पुन्हा सुरू करण्याचा हुकूम काढला आणि झू शीच्या टीका अभ्यासक्रम ठरल्या. मार्ग मुळातून उगवावा असं म्हणणारा माणूसच पाठ करायचा विषय झाला. 1905 मध्ये परीक्षा बंद होईपर्यंत तो पाठ केला गेला. स्पर्धा परीक्षेची तयारी केलेल्या कुणालाही यातली गंमत आणि दुःख दोन्ही कळेल. मार्ग कोणता हे सरकारने ठरवलं की गाडी भरलेली आहे की नाही हे तपासायला परीक्षक बसतो.

वारकऱ्यांकडे असा परीक्षक नव्हता. अभंग टिकला तो लोकांनी म्हटला म्हणून. वाट म्हणजे खरोखरची पायवाट होती. इथवर आलो की आपण जिंकल्यासारखं वाटतं. पण चोखोबा आडवे येतात.

चोखामेळ्यांचे अभंग वारीत गायले गेले. 1338 मध्ये मंगळवेढ्याला भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला, असं मानतात. त्यांची समाधी पंढरपूरला आहे, पण मंदिराच्या दाराबाहेर. आत त्यांचे शब्द गेले, त्यांची जात गेली नाही. दलितांसाठी ते दार उघडायला मे 1947 उजाडावा लागला आणि साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षं गाडी भरलेली होती, सुंदर होती, रस्त्यावर रोज धावत होती. माल मात्र उतरवून घेतला गेला नाही.

म्हणून झोउच्या वाक्यातला मधला तुकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. रिकाम्या गाडीच्या आधी तो भरलेल्या, पण न वापरलेल्या गाडीबद्दल बोलतो. रिकाम्या गाडीची मला फार भीती नाही. ती निदान रिकामी असल्याचं कबूल करते, आणि दू फूची फुलपाखरं बघून कुणाचं वाईट झालेलं मला माहीत नाही. भीती आहे ती दुसऱ्या गाडीची. जी ओळ आपण शेअर करतो, डोळे मिटून ऐकतो, स्टेटसला ठेवतो, आणि जिच्यामुळे आपल्या घराचं एकही दार उघडत नाही.

लेखकाने गाडीत काय भरलं, हा अर्धाच प्रश्न आहे. उरलेला अर्धा वाचणाऱ्याचा, म्हणजे माझा आणि तुमचा. चोखोबांचा अभंग आवडतो म्हणणाऱ्याने एवढंच सांगावं, की त्यानंतर त्याच्या घरात कोण कुठपर्यंत येऊ लागलं.