नोकरी हवी? आधी दस्तुरी काढा!

बीटेक झाल्यावर पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीने माझ्याकडे जॉइनिंगआधी 'डिपॉझिट' मागितलं होतं. मी दिलं नाही. (पैसेच नव्हते, हे खरं कारण!) पण ही मागणी काही नवी नाही.

मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या हातात असायची. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला माणूस आधी त्यालाच गाठायचा, बायकांसाठी नायकीण. काम मिळवायचं, टिकवायचं तर दस्तुरी द्या. गावाहून परतलात? परत द्या. मालकांना काय, माणसं आयती मिळत होती.

1931 मध्ये रॉयल कमिशनने सांगितलं, भरती जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्या. 1935 मध्ये गिरणीमालक संघाने 'बदली कंट्रोल' आणलं. महिन्याच्या 1 तारखेला ठरावीक बदली कामगारांना कार्ड द्यायचं, त्यांनी रोज सकाळी गेटवर हजर राहायचं, रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. जॉबरचं वजन घटलं, संपलं मात्र नाही.

आयएलओच्या 1997 च्या 181 क्रमांकाच्या करारात तर साफ लिहिलंय, खासगी एजन्सीने कामगाराकडून फी घ्यायची नाही. भारताने तो अजून स्वीकारलेला नाही.

मी त्या कन्सल्टन्सीला विचारलं होतं, पावती मिळेल का? फोन कट.