चुकलेला ठोका

रविवार, सकाळचे सव्वासात. अंबरनाथ एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून तुम्ही गेटाबाहेर पडता. नाकात सॉल्व्हंटचा वास, कानात रिअॅक्टरची घरघर. शेअर रिक्षा पकडायची, घर गाठायचं आणि आडवं व्हायचं, एवढाच बेत. तेवढ्यात मोरिवलीच्या बाजूला एका अर्ध्या उघड्या शटरमागून ढोलकी ऐकू येते. शब्द येशूचे, चाल मात्र सरळ वारीच्या वाटेवरची.

तुम्ही वाकून आत जाता. सतरंजीवर दहा-बारा माणसं, मधे पेटी, शेजारी 'उपासना संगीत'ची पानं सुटलेली प्रत. ढोलकीवाला रंगाच्या कारखान्यातला असणार. त्याच्या नखांच्या कडा पिवळ्या आहेत, तो रंग साबणाला दाद देत नाही. तो ढोलकीची कडी सरकवतो, कान लावतो, नाक मुरडतो, पुन्हा सरकवतो. "जय ख्रिस्त, भाऊ. बसा," म्हणत एक मावशी टाळांची जोडी तुमच्या हातात ठेवतात. पितळ गार लागतं. तुम्ही वाजवता आणि ठोका चुकतो.

ट्यूबलाइट जाते. कंदील येतो.

हे अहमदनगर, साल 1905च्या आसपासचं. माणसं दाटीवाटीनं बसलीत. पुढे कीर्तनकार उभा आहे, हातात चिपळ्या, मागे मृदंग. नमन झालं, पूर्वरंग झाला. आता उत्तररंगात आख्यान लागलंय उडाऊ पुत्राचं. बापाची इस्टेट उडवून डुकरांच्या शेंगांवर आलेला पोरगा घराकडे निघतो आणि कीर्तनकार गद्य सोडून पदात शिरतो. बाप पोराकडे धावतो तेव्हा मृदंगाची लय चढते. तुमच्या पुढची म्हातारी पदरानं डोळे पुसते आणि हसते, दोन्ही एकदमच.

ही नगरची कमाई. अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत, कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा हा देशी साज ख्रिस्ती कथेवर चढवला. त्याआधी विलायती चालीत मराठी शब्द कोंबून गाणं चाले. ऱ्हस्वाचं दीर्घ व्हायचं, दीर्घाचं ऱ्हस्व. तोंड गायचं, मान डोलायची नाही. (आजही काही ठिकाणी ऐका, तीच गत.)

याच गावात रेव्हरंड नारायण वामन टिळक राहतात. कोकणातल्या करजगावचे, 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले. ही बातमी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर कशी कोसळली ते लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचवत नाही. पण तुकोबांचा पूल ओलांडून आपण ख्रिस्तापाशी आलो असं सांगणारा हा माणूस प्रार्थनेला अभंगच निवडणार, यात नवल कसलं? 1917 साली साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला तो बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांसाठी. गाणारा कोणत्या रजिस्टरात आहे हे टाळाला विचारायचं नसतं, हे त्यांना कळलं होतं असं मला वाटतं.

तुमच्या हातातले टाळ पुन्हा वाजतात. पुन्हा चुकतात.

या वेळी खारा वारा. साष्टी, गोवा, सतरावं शतक. मिस्सा संपलीय, पण कुणी उठत नाही, कारण आता ओव्या लागणार. 1579 साली इथे आलेल्या इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण 1616 साली राशोलला छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नव्हते, म्हणून मराठी ओवी रोमन अक्षरांत. अशा सुमारे अकरा हजार. इथली देवळं पाडून जेमतेम पन्नास वर्षं झालीत, ही गोष्ट चर्चच्या नव्या चुन्यानं झाकत नाही. आमची पुराणं काढून घेतलीत, मग त्याबदली आम्हाला द्याल काय, हा लोकांचा प्रश्न त्या ग्रंथातच नोंदला आहे. उत्तर त्यांच्याच छंदात आलं. वाचणारा साडेतीन चरण ओढून म्हणतो. तिसऱ्या चरणानंतरच्या त्या अर्ध्या चरणावर सगळं देऊळ, म्हणजे चर्च, श्वास सोडतं. तुमचाही सुटतो. पाठीतली रात्रपाळी त्या अर्ध्या चरणात उतरून जाते.

हॉर्न. कर्जत लोकल.

शटरखालून ऊन आत आलंय. मावशी डोळे मिटून गातायत, पेटीवाला एक सूर वरचढच लावतोय, आणि ढोलकीवाला तुमच्या हातांकडे बघतोय. किती वेळ, कोण जाणे. ठोका बसतोय. तुम्ही मोजत नाही आहात.

गाणं थांबतं. तो ढोलकी मांडीवरून खाली ठेवतो, मनगटं झटकतो.

"भाऊ, मला सेकंड शिफ्ट आहे. चहा सांगू, का अजून एक म्हणायचं?"