बंडीच्या धावेपासून फटफटीच्या टायरापर्यंत

दसरा उलटला आणि वाटा सुकू लागल्या म्हणजे चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या आमच्या रानमुलखात अलीकडे एक नवी वर्दळ सुरू होते. नागपूर, पुणे, हैदराबाद ह्या शहरांतून तरुण मंडळी भल्या मोठ्या मोटारसायकलींवर बसून येतात. मागे पेट्या बांधलेल्या, पुढे जादा दिवे लावलेले. ताडोबा, मार्कंडा, आलापल्ली, हेमलकसा, सिरोंचा असा त्यांचा प्रवास असतो. चहाच्या टपरीवर त्यांचे बोलणे कानी पडले तर त्यांत एक प्रश्न हटकून येतो : ह्या मुलखासाठी टायर कोणता घालावा? प्रश्न यंत्रशाळेतला वाटतो. वस्तुतः तो पुष्कळ जुना आहे. चाकाच्या कडेला काय लावावे, ह्याचा विचार आमच्याकडे सुतार, लोहार आणि गाडीवान ह्यांनी पिढ्यानुपिढ्या केलेला आहे. त्यांनी काढलेली उत्तरे आजच्या फटफटीवाल्यास जितकी उपयोगी पडतील तितकी दुकानातील रंगीत जाहिरात पडणार नाही, असे माझे मत आहे. आणि तेच आज आपणापुढे मांडावयाचे आहे.

आरंभी ह्या मुलखातील दूरच्या व्यापारास चाकाचा फारसा आधारच नव्हता. बंजाऱ्यांचे तांडे मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर लादून नेत. बैलाच्या खुरास सडक लागत नाही. दगड, वाळू, चिखल, सर्व त्यास सारखेच. १८५४ साली नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली आला. पुढे सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. तेथवर सडक नेणे इतके अवघड वाटत होते, की नदीचीच सडक करावी असा विचार निघाला. आर्थर कॉटन ह्या प्रसिद्ध इंजिनियराने गोदावरीवरील जलमार्गाची कल्पना उचलून धरली आणि मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेम्पल ह्यांनी तिचा पाठपुरावा केला. परंतु नदीच्या पात्रातील खडकांनी दाद दिली नाही. पुष्कळ पैसा खर्चून अखेर १८७१ साली ते काम बंद करण्यात आले. जलमार्ग गेला आणि मुलूख पुनः बैलाच्या व बंडीच्या स्वाधीन झाला.

ही बंडी जरा निरखून पाहण्यासारखी आहे. चाकाच्या मध्यभागी लाकडी तुंबा, त्यात ठोकून बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर जोडलेले लाकडाचे वाकलेले तुकडे, आणि ह्या सर्वांस बाहेरून आवळून धरणारी लोखंडाची पट्टी, म्हणजे धाव. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवितात. मग गोवऱ्यांच्या आगीत ती लाल होईतो तापवितात. तापली की ती फुगते; चिमट्यांनी उचलून ती चाकावर बसवावयाची आणि लगेच पाणी ओतावयाचे. वाफेचा लोट उठतो, लाकूड करकरते, धाव आकसते आणि सारे चाक मुठीत धरल्यासारखे घट्ट होते. पदार्थ उष्णतेने प्रसरण पावतात, हा पाठ मी वर्गात खडूने शिकवीत असे; लोहाराच्या अंगणात तो एका क्षणात शिकून होतो.

चाक उंच आणि धाव अरुंद, हा आमच्या बंडीचा विशेष. उंच चाक खड्ड्यात पुरते उतरत नाही, दगडावरून सहज चढून जाते. अरुंद धाव बांधीतील चिखल कापून खालच्या घट्ट जमिनीवर टेकते. रुंद चाक असते तर ते चिखलावर तरंगले असते आणि घसरले असते. परंतु हीच अरुंद धाव मुरमाच्या सडकेवर करवतीसारखी चालते. चाकोरी हा शब्द आपण वागणुकीविषयी वापरतो. तो मूळचा ह्या धावेने कापलेल्या चराचा आहे. शेतात जे चाक गुणी, ते सडकेवर उपद्रवी. चाकाला एका ठिकाणी जे मिळते त्याचे मोल दुसऱ्या ठिकाणी द्यावे लागते, हे ध्यानात ठेवावे. पुढील सर्व विवेचन ह्याच सूत्रावर ओवलेले आहे.

रबराची कथा थोडक्यात सांगतो. कच्चे रबर उन्हात चिकट होते व थंडीत ठिसूळ. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर ह्याने गंधक व उष्णता ह्यांच्या योगाने तो दोष घालविला. हवेने भरलेले चाक प्रथम सुचले ते रॉबर्ट थॉमसन ह्या स्कॉच गृहस्थास. त्याने १८४५ साली त्याचे पेटंट घेतले. पण रस्त्यावर सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या, तेव्हा त्या शोधास कोणी विचारले नाही. चार दशकांनंतर बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलप ह्या गुरांच्या डॉक्टराने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती नव्याने केली आणि १८८८ साली तो जगप्रसिद्ध झाला. हिंदुस्थानात डनलपचा कारखाना हुगळीकाठी साहागंज येथे १९३६ साली निघाला. आज तर दुचाकींचे टायर आमच्या विदर्भातच, नागपूरजवळ बुटीबोरी येथे तयार होतात. एक गंमत सांगून पुढे जातो : आरंभीचे टायर काळे नसत, पांढुरके असत. रबरात काजळी मिसळली असता ते कित्येक पटींनी चिवट होते असे आढळले, तेव्हापासून टायर काळा झाला.

आता मोठ्या प्रवासी मोटारसायकलीकडे वळू. १९७८ च्या डिसेंबरात पॅरिसहून आफ्रिकेतील डाकार शहरापर्यंत वाळवंट ओलांडून जाणारी पहिली शर्यत निघाली. १९८० साली जर्मनीतील बीएमडब्ल्यू कंपनीने आठशे सीसीची एक गाडी बाजारात आणली. तिच्या नावातील दोन अक्षरे 'गेलेंडे' आणि 'श्ट्रासे' ह्या जर्मन शब्दांची. अर्थ, उघडे रान आणि सडक. लांब प्रवासाची, रानात व सडकेवर दोन्हीकडे चालणारी अवजड गाडी ही जातच त्या सुमारास रुजली. आपल्याकडे रॉयल एन्फील्डने २०१६ साली 'हिमालयन' काढली, तेव्हा तो प्रकार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. तिचे पुढील चाक २१ इंची आणि अरुंद, मागील १७ इंची आणि रुंद. ते उंच, अरुंद चाक पाहून आमच्या गावच्या सुतारास नवल वाटले नसते. दगड चढणे आणि चिखल कापणे हेच त्याचेही काम.

अडचण अशी, की शर्यतीची चित्रे मनात ठसल्यामुळे पुष्कळांस मोठमोठ्या गाठींचा, खोल खाचांचा टायर म्हणजेच खरा रानातला टायर वाटतो. दिसावयास तो रुबाबदार खरा. परंतु मोटारसायकलीचा टायर जमिनीस तळहाताएवढ्या जागेतच टेकलेला असतो. दोन माणसे, पेट्या आणि दोनशे किलोंहून जड गाडी, ह्या साऱ्यांचे जीवित दोन तळहातांवर असते. त्या तळहातात खाच जितकी अधिक, तितके रबर कमी. मऊ मातीत गाठी रुततात आणि पकड मिळते. ओल्या डांबरावर रुतावयास काहीच नसते, तेथे रबराचा स्पर्श हीच पकड. म्हणून असा टायर पावसात डांबरी सडकेवर उशिरा थांबतो, वळणावर हलतो आणि झिजतोही लवकर.

तेव्हा प्रश्न असा होतो की आमच्या जिल्ह्यांत 'गेलेंडे' किती आणि 'श्ट्रासे' किती? नागपूरहून वरोरा, भद्रावती, चंद्रपूर, मूल, गडचिरोली, चामोर्शी, आष्टी, आलापल्ली, तेथून एक फाटा भामरागडास व दुसरा सिरोंच्यास. ही सारी प्रमुख वाट डांबराची वा सिमेंटची आहे. कोठे ती उखडलेली, कोठे दुरुस्तीसाठी खणून ठेवलेली असते. सुरजागडच्या लोहखनिजाच्या अवजड मोटारींनी गेल्या काही वर्षांत आष्टी-आलापल्लीची वाट किती खचविली, हे तेथील रहिवाशांस सांगावयास नको. तरीही ती सडकच. कच्ची वाट लागते ती आतल्या पाड्यांकडे, नदीकाठाकडे आणि पांदणीत वळल्यावर. सामान्य प्रवाशाच्या शंभर किलोमीटरांत ती दहा-पंधराहून अधिक नसते, असा माझा अंदाज आहे.

शिवाय ती कच्ची वाटही एकजात नाही. वरोरा-भद्रावतीकडे काळी कापसाची जमीन. ती ओली झाली की खोल खाचांच्या टायरासही जुमानीत नाही; गाठींमध्ये चिखल गच्च बसतो आणि टायर लाडवासारखा गुळगुळीत होतो. तेथे उतरून थांबणे हाच उपाय. मूल-सिंदेवाहीकडे धानाच्या बांध्या. रोवणीच्या दिवसांत ट्रॅक्टर बांधीतून निघून सडकेवर येतात आणि डांबरावर चिखलाचा पातळ थर पसरून ठेवतात. हा थर खड्ड्यापेक्षा घातक, कारण तो दिसत नाही. गडचिरोलीच्या दक्षिणेस मुरूम आणि गोटे, आणि प्राणहितेच्या काठी वाळू. वाळूत मात्र गाठींचा टायर खरोखर आपले नाव राखतो. जंगलातील वाटेवर तिरकी कापलेली बांबूची खुंटे असतात. ती टायराच्या बाजूस लागली तर चिरून टाकतात. अशा ठिकाणी टायराच्या बाजूची जाडी पाहावी, माथ्यावरची नक्षी नव्हे.

ह्यावरून माझा निर्णय असा. आमच्या मुलखात येणाऱ्याने सडकेकडे झुकलेला, पण मध्यम खोल खाचांचा टायर निवडावा; दुकानदार ज्यास ऐंशी-वीस म्हणतात, म्हणजे ऐंशी भाग सडक आणि वीस भाग रान. ज्याचे काम आतल्या पाड्यांतच आहे त्याने गाठींचा घ्यावा, त्याविषयी तक्रार नाही. पुढे गाठींचा आणि मागे सडकेचा अशी जोडीही कित्येक लावतात. परंतु पाऊस असेल तर थांबविण्याचे बहुतेक काम पुढचे चाक करते, हे त्यांनी विसरू नये. आणि भामरागडच्या पर्लकोटेला पूर आला असता किंवा एखाद्या रपट्यावरून पाणी वाहत असता कोणताच टायर कामाचा नाही. गुडघाभर वाहत्या पाण्यात गाडीचे चाक उचलले जाते. नक्षी खोल असो वा उथळ, नदी ती पाहत नाही. ह्या बाबतीत कमलापूरच्या सरकारी छावणीतील हत्ती आपणांपेक्षा सुखी, त्यांस टायर निवडावयाचा नसतो.

ट्यूब असावी की नसावी, हाही वाद आहे. तारांच्या आऱ्यांच्या चाकात आऱ्यांच्या भोकांतून हवा निसटते, म्हणून त्यात बहुधा ट्यूब असते; अलीकडे हवा न सोडणारी आऱ्यांची चाकेही निघाली आहेत. ट्यूबवाल्या चाकात खिळा गेला तर हवा एकाएकी जाते आणि चाक सोडविल्यावाचून दुरुस्ती नाही. ट्यूब नसलेल्या टायरातून ती हळूहळू जाते आणि चाक न काढता बाहेरूनच रबरी बूच ठोकता येते. आलापल्ली ते सिरोंचा ही जंगलातली सुमारे शंभर किलोमीटरांची वाट. तेथे सायंकाळी चाक सोडवीत बसण्यापेक्षा बूच बरे. मात्र गोट्यावर आदळून लोखंडी कड वाकली तर बुचाने भागत नाही. तेव्हा आत ट्यूब घालूनच वस्ती गाठावी लागते. म्हणून एक २१ इंची ट्यूब जवळ असावी. अडचणीच्या वेळी ती मागच्या लहान चाकातही दुमडून घालता येते आणि धिम्या गतीने गावापर्यंत पोचविते. बाजारगावच्या पंक्चरवाल्याकडे नेहमीच्या गाड्यांच्या ट्यूबा मिळतील. ह्या मापाची मिळेलच असे नाही.

शेवटी टायराच्या अंगावरील आकडे. १५०/७० आर १७ असे लिहिलेले असेल तर रुंदी १५० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शेकडा ७०, आणि चाक १७ इंची. मधले अक्षर आतील धाग्यांची आडवी मांडणी सांगते. फ्रान्समधील मिशलँ कंपनीने तिचे पेटंट १९४६ साली घेतले आणि मोटारसायकलींस ती १९८० नंतरच्या दशकात मिळाली. त्यापुढे ६९ असेल तर एका टायराने ३२५ किलो भार पेलावा, ५४ असेल तर २१२ किलो. पत्नीस मागे बसवून, दोन पेट्या भरून निघणाऱ्याने ही बेरीज घरीच करावी. हवा कंपनीने सांगितल्याइतकी, तीही चाक थंड असताना भरावी. वाळूत काही पौंड कमी करावी आणि सडकेवर येताच पुनः भरावी, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात कड वाकते. आणि टायराच्या बाजूस लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात ते अवश्य पाहावे. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा पस्तिसावा आठवडा. लहान गावातील दुकानात मोठ्या मापाचा टायर क्वचितच खपतो, त्यामुळे तो वर्षानुवर्षे फळीवर पडून राहतो. वरून कोरा करकरीत दिसतो, पण आतले रबर टणक झालेले असते. पाच वर्षांहून जुना असेल तर कितीही स्वस्त दिला तरी घेऊ नये. आणि घ्यावाच लागला तर नखाने दाबून, खाचांच्या मुळाशी बारीक भेगा पडल्या आहेत काय, हे उजेडात नेऊन पाहावे.