दुचाकी रोबो

हौसेखातर सुट्या भागांपासून जुळवलेली, दुरून चालवता येणारी छोटी यांत्रिक गाडी. दोन बाजूंना दोन चाके, प्रत्येकाला स्वतंत्र मोटर आणि तोल राखायला एक मोकळे फिरणारे छोटे चाक (कॅस्टर). वळवण्यासाठी स्टिअरिंग नसते. दोन्ही मोटरी सारख्या फिरल्या की गाडी सरळ धावते, डावी मंदावली की डावीकडे वळते. एक पुढे, दुसरी मागे फिरवली की जागच्या जागी गिरकी घेते. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र प्रकल्पातून अनेक महाविद्यालयांत पोचलेला फायरबर्ड रोबोही याच तत्त्वावर चालतो.

मराठवाड्यातही असे तंत्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत: नांदेडजवळ विष्णुपुरीला श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१पासून आहे, लातुरात पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतन आहे. २०१६ साली आलेल्या अटल टिंकरिंग लॅब योजनेने असे प्रयोग सहावी ते बारावीच्या मुलांसाठीही खुले केले. प्रवेशपरीक्षांच्या ‘लातूर पॅटर्न’ने ओळखल्या जाणाऱ्या या भागात, सैल वायर स्वतः शोधून काढण्याच्या तालमीलाही वेळापत्रकात हक्काची जागा हवी.

साहित्य मोजकेच लागते: पिवळ्या बीओ मोटरी, आर्डुइनो उनो हा नियंत्रक बोर्ड, एल२९८एन मोटर ड्रायव्हर आणि एचसी-०५ ब्लूटूथ मॉड्यूल. मोबाइलवरून आलेले अक्षर आर्डुइनो वाचतो आणि ड्रायव्हरला दिशा देतो. मोटर थेट आर्डुइनोच्या पिनेला जोडू नये. तिला लागणारा करंट पिनेला झेपत नाही.

खरी परीक्षा वीजपुरवठ्याची. १८६५० आकाराच्या दोन लिथियम सेलची एकसर जोडणी सुमारे ७.४ व्होल्ट देते. त्यातले जवळपास २ व्होल्ट एल२९८एनमध्येच खर्ची पडतात. उरलेले ६ व्होल्टच्या मोटरीला पुरतात. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी मात्र इथे कुचकामी ठरते: मोटरी सुरू होताना जादा करंट ओढतात, व्होल्टेज कोसळते, आर्डुइनो रीसेट होतो आणि गाडी अडखळते. नवशिके अशा वेळी दिवसभर प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसतात. ड्रायव्हर आणि आर्डुइनोचे ग्राउंड एकत्र जोडायचे राहिले, तरी गाडी भलतीच वागते.

६५ मिलिमीटर व्यासाचे चाक एका फेऱ्यात सुमारे २० सेंटिमीटर अंतर कापते. मिनिटाला १५० फेरे झाले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. एकाच खोक्यातल्या दोन मोटरीही तंतोतंत सारख्या फिरत नाहीत, म्हणून वेगवान मोटरीचा वेग ठरवणारा पीडब्ल्यूएम आकडा थोडा उतरवून गाडी सरळ करावी लागते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात लिथियम सेल उन्हात किंवा बंद कारमध्ये ठेवू नयेत. ब्लूटूथची पोच साधारण १० मीटर. रोबो मैदानावर चालवायचा असेल, तर २.४ गिगाहर्ट्‌झचा रेडिओ रिमोट आणि त्याचा रिसीव्हर वापरतात.