सायकलस्वाराचा पोशाख : ऊन, वारा, पाऊस आणि घाम

थंडीत लोकरीचे, उन्हाळ्यात सुती आणि पावसाळ्यात रेनकोट हा धडा आपण लहान मुलांना शिकवतो. एका जागी बसलेल्या माणसाला तो पुरेसा आहे, सायकलस्वाराला मात्र पुरत नाही. सायकलस्वार स्वतःच एक उष्णता निर्माण करणारे यंत्र असतो, आणि या यंत्राचा वेग दर चढउताराला बदलतो. त्याच्या पोशाखाचा सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर पदार्थविज्ञान, शरीरशास्त्र आणि समाजाचे नियम यांची ओढाताण एकाच सदऱ्यात कशी सामावते हे आपल्याला दिसते.

प्रथम प्रश्न नीट मांडून घेऊ. सायकल चालवताना आपले स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिच्यापैकी साधारण पाव हिस्साच पेडलवर पोचतो. बाकीची उष्णता होते. म्हणजे पेडलवर १०० वॅट शक्ती लावणाऱ्या माणसाच्या शरीरात सुमारे ३०० वॅट उष्णता निर्माण होते. शरीराचे तापमान वाढू द्यायचे नसेल तर ती बाहेर टाकायला हवी. एक ग्रॅम घामाचे बाष्पीभवन होताना सुमारे २,४०० ज्यूल उष्णता शोषली जाते. सगळी उष्णता घामावाटेच बाहेर टाकायची म्हटली, तर तासाला सुमारे ४५० ग्रॅम घामाची वाफ व्हावी लागेल. लक्षात घ्या, घाम येणे पुरेसे नाही, तो वाळला पाहिजे. कपाळावरून टपकून गेलेला थेंब शरीराला जवळजवळ काहीच थंड करत नाही.

आता हाच माणूस घाटमाथ्यावर पोचून पलीकडे उतरू लागतो. पाय थांबतात आणि उष्णतेची निर्मिती एकदम घटते. अंग आणि कपडे मात्र घामाने भिजलेले, आणि समोरून ताशी ४० किलोमीटर वेगाचा वारा. वाऱ्याने जाणवणाऱ्या थंडीचे गणित २००१ मध्ये अमेरिका व कॅनडात सुधारून घेतले गेले. त्यानुसार हवेचे तापमान शून्य अंश सेल्सियस असताना एवढा वारा उघड्या त्वचेला उणे ७ अंशांसारखा जाणवतो. एकाच तासात, एकाच माणसाला, एकाच पोशाखात दोन ऋतू भेटतात. सायकलच्या कपड्यांचा सारा इतिहास म्हणजे या कोड्याची वेगवेगळी उत्तरे होत.

पहिले मोठे उत्तर लोकरीचे होते. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची 'सेफ्टी' सायकल आली, १८८८ मध्ये डनलप यांचा हवेचा टायर आला, आणि सायकल सर्वसामान्यांच्या आवाक्यात येऊ लागली. त्याच सुमारास श्टुटगार्टचे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक गुस्ताव येगर यांचे लोकरीचे तत्त्वज्ञान गाजत होते. त्यांचे म्हणणे असे, की प्राणिज तंतू शरीरातून निघणारी दूषित द्रव्ये बाहेर जाऊ देतात, तर कापसासारखे वनस्पतिज तंतू ती धरून ठेवतात. म्हणून नखशिखांत लोकरच वापरावी. लुईस टोमालिन या इंग्रज गृहस्थाने १८८४ मध्ये लंडनला येगर यांच्या नावाने दुकान काढले. नाटककार बर्नार्ड शॉ यांच्यासारखे ग्राहक त्याला मिळाले. शॉ स्वतः सायकलही चालवत.

'दूषित द्रव्यां'चा सिद्धान्त आज कोणी मानत नाही. पण सायकलस्वारांना लोकर खरोखरच उपयोगी पडली. कारण वेगळे होते. कपडा उबदार असतो तो मुख्यतः त्यात अडकलेल्या हवेमुळे, हे काउंट रम्फर्ड यांच्या अठराव्या शतकाच्या अखेरीच्या प्रयोगांपासून ठाऊक झाले होते. लोकरीचा तंतू कुरळा असल्याने ती हवा अडकवून ठेवते आणि भिजल्यावरही पूर्णपणे चपटी होत नाही. दुसरे असे, की लोकर वाफ शोषते. २० अंश सेल्सियस आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला लोकर आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे १६ टक्के, कापूस सुमारे ८ टक्के, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी धरून ठेवते. वाफ शोषताना लोकर थोडी उष्णताही सोडते. घामट अंगाने गार वाऱ्यात शिरणाऱ्याला हा गुण मोलाचा. अनुभव खरा पण स्पष्टीकरण चुकीचे, असे विज्ञानाच्या इतिहासात अनेकदा घडते. विद्यार्थ्यांपुढे ठेवायला येगर यांचे उदाहरण उत्तम आहे.

पण पोशाख केवळ हवामान पाहून ठरत नाही. इंग्लंडमधल्या सायकल संघटनेने १८९० मध्ये सार्वजनिक रस्त्यांवरच्या शर्यतींवर बंदी घातली. शर्यतींमुळे सगळ्याच सायकलींवर सरकारी निर्बंध येतील, ही भीती त्यामागे होती. मग फ्रेडरिक बिडलेक यांनी १८९५ मध्ये एकेका स्वाराला ठरावीक अंतराने सोडून घड्याळाशी शर्यत लावण्याची पद्धत सुरू केली. या शर्यती पहाटे, गाजावाजा न करता होत, आणि स्वारांनी गळ्यापासून घोट्यापर्यंत काळे कपडे घालावेत असा संकेत होता. उन्हात काळा रंग उष्णता जास्त शोषतो हे कोणाला ठाऊक नव्हते असे नाही. पण तेथे उन्हापेक्षा लोकांची व पोलिसांची नजर चुकवणे महत्त्वाचे होते.

स्त्रियांच्या बाबतीत तर समाजाचे नियम जिवावर बेतणारे होते. त्या काळचे घोळदार, घोट्यापर्यंतचे झगे साखळीत व चाकाच्या आऱ्यांत अडकत, वाऱ्याने शिडासारखे फुगत आणि पावसात भिजून जड होत. यावर दोन मार्ग होते. एक, सायकल बदलायची : मधला आडवा दांडा काढून सांगाडा खाली वाकवायचा, साखळीवर पेटी बसवायची, मागच्या चाकावर दोऱ्यांची जाळी विणायची. दुसरा, कपडा बदलायचा. १८८१ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या 'रॅशनल ड्रेस सोसायटी'ने दुसरा मार्ग धरला. तिच्या पुढारी लेडी हार्बर्टन घोळदार विजार घालून सायकल चालवत. ऑक्टोबर १८९८ मध्ये सरे परगण्यातल्या ऑकम गावच्या हॉटेलात त्या गेल्या, तेव्हा या पोशाखात कॉफीच्या दालनात बसू देणार नाही, हवे तर दारूच्या गुत्त्याशेजारच्या खोलीत बसा, असे मालकिणीने सांगितले. सायकलस्वारांच्या क्लबने खटला भरला. १८९९ च्या एप्रिलमध्ये निकाल मालकिणीच्या बाजूने लागला. बसायला एक जागा देऊ केली होती, म्हणजे नकार दिलाच नाही, असा त्याचा आशय होता. कपड्याचे विज्ञान बिनचूक असूनही तो घालणाऱ्या बाईला जागा नाकारली गेली.

काही जणींनी मधली वाट काढली. लंडनच्या ब्रिक्स्टन भागातल्या ॲलिस बायग्रेव्ह या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी १८९५ मध्ये एका झग्याचे पेटंट घेतले. त्यात पुढे व मागे शिवणीत लपवलेल्या दोऱ्या व छोट्या कप्प्या होत्या. सायकलवर बसताना दोरी ओढली की झगा वर उचलला जाई, उतरल्यावर तो पुन्हा रीतसर घोट्यापर्यंत. हा झगा बाजारात आणला तो येगर यांच्याच नावाच्या कंपनीने. आपल्याकडे मोटारसायकलच्या मागच्या चाकाजवळ साडीसाठी जाळी लावतात, तो पहिल्या मार्गाचाच वारसा आहे. तरीही मोकळी ओढणी किंवा पदर चाकात अडकून अपघात होतात. शाळेत सायकलने येणाऱ्या मुलींना ओढणीची टोके मागे घट्ट बांधायला सांगणे, हा या इतिहासाचा सर्वांत व्यावहारिक धडा आहे.

पावसाचे कोडे याहून अवघड होते. ग्लासगोचे चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर चिकटवून जलरोधक कापडाचे पेटंट घेतले. सुरुवातीचे हे कापड उन्हात चिकट आणि थंडीत ताठर होई. १८४०च्या दशकात गंधकाने रबर पक्के करण्याची रीत आली आणि तो दोष गेला. एक दोष मात्र राहिलाच : जे पावसाला आत येऊ देत नाही, ते घामालाही बाहेर जाऊ देत नाही. तासाला अर्धा लिटर घाम गाळणारा माणूस असा कोट घालून बाहेरून कोरडा आणि आतून चिंब होतो. टॉमस बर्बरी यांनी १८७९ मध्ये तयार केलेल्या व १८८८ मध्ये पेटंट घेतलेल्या गॅबर्डिनची वाट वेगळी होती. आधी सूतच जलरोधक करायचे आणि मग ते अतिशय घट्ट विणायचे. थेंब अडतात, वाफ थोडीफार निसटते. मुसळधार पावसात मात्र हे कापड हार खाते.

सायकलस्वारांचे जुने लाडके उत्तर याहून साधे होते. ते म्हणजे खांद्यापासून हँडलपर्यंत पसरणारी, खालून उघडी अशी जलरोधक झूल. पाणी वरून ओघळते, हवा खालून खेळते. आपल्या शेतकऱ्याचे इरले याच तत्त्वावर चालते, आणि मेंढपाळाची घोंगडी लोकरीच्या गुणांवर. फरक इतकाच, की भातलावणी करणाऱ्याला ताशी २० किलोमीटरचा समोरचा वारा नसतो. झूल वाऱ्यात फुगते आणि स्वाराला मागे ओढते.

आता पुन्हा घाटाकडे वळू. 'टूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ मध्ये 'लोतो' या वृत्तपत्राने सुरू केली. आघाडीवरच्या स्वाराची पिवळी जर्सी १९१९ मध्ये आली आणि पहिल्यांदा ती युजेन क्रिस्तोफ यांच्या अंगावर चढली. वृत्तपत्राचा कागदही पिवळाच होता. जर्सी अर्थातच लोकरीची. डोंगरमाथ्यावर पोचले की स्वार वर्तमानपत्राची घडी जर्सीखाली छातीवर खुपसत. कागद वारा अडवतो, थोडा घाम टिपतो, आणि पायथ्याशी पोचल्यावर फेकून देता येतो. वजन नगण्य, किंमत नगण्य. लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो, हा तिचा दोष नेमक्या जागी आणि नेमक्या वेळेपुरता झाकणारी ही युक्ती म्हणजे व्यवहारी भौतिकशास्त्र होय.

कृत्रिम धाग्याचे आगमन मात्र भांडणातून झाले. १९४०च्या दशकाच्या अखेरीस जर्सीचा पुरवठा सोफिल ही कंपनी करू लागली. तिच्या जर्सीत कृत्रिम धागा मिसळलेला असे. लुईझाँ बोबे या फ्रेंच स्वाराने ती घालायला साफ नकार दिला. धूळ आणि घामात दिवसभर राहायचे तर शुद्ध लोकरच हवी, हा त्याचा आग्रह. संयोजक जाक गोदे यांनी रात्रभर समजूत घालून पाहिली, अखेर कंपनीला रातोरात लोकरीची जर्सी करावी लागली.

आजचे स्वार मात्र सर्रास पॉलिएस्टर वापरतात. मग बोबे चुकला का? तसे म्हणता येणार नाही. पॉलिएस्टरचा शोध व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१ मध्ये इंग्लंडात लावला. त्याचे सुरुवातीचे कपडे घामट वाटत, कारण तंतू पाणी शोषत नाही आणि घाम त्वचेवरच राहतो. पुढे तंतू अतिशय बारीक करण्यात आले, काहींना लांबीच्या दिशेने खाचा देण्यात आल्या. आता घाम तंतूच्या आत न शिरता तंतूंमधल्या फटींतून केशाकर्षणाने पसरतो आणि मोठ्या पृष्ठभागावरून लवकर वाळतो. पदार्थ तोच, रचना बदलली. याच काळात, १९५८ मध्ये, ड्यूपाँट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी कित्येक पट ताणून पूर्ववत होणारा लायक्राचा धागा तयार केला. भिजून लोंबणाऱ्या लोकरी चड्ड्या १९७०च्या दशकापासून त्यामुळे मागे पडल्या.

पावसाच्या कोड्याला नवे उत्तर १९६९ मध्ये मिळाले. अमेरिकेतील बॉब गोर यांनी तापवलेली टेफ्लॉनची कांडी हळू ताणण्याऐवजी झटक्यात ताणली. ती तुटण्याऐवजी लांब झाली आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडली. पाण्याच्या थेंबाला ती फार लहान, वाफेच्या रेणूला भरपूर मोठी. या पडद्यापासून केलेले कापड १९७० च्या दशकात बाजारात आले. टेफ्लॉनच्या कुळातली फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात जवळजवळ नष्ट होत नाहीत, म्हणून अलीकडे उद्योग फ्लोरिनविरहित पडद्यांकडे वळू लागला आहे.

तथापि हे महागडे कापड आपल्याकडे तितकेसे उपयोगी का पडत नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. वाफ बाहेर जाते ती बाष्पदाबातील फरकामुळे. ३५ अंशांच्या घामट त्वचेजवळ बाष्पदाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. युरोपातल्या १० अंशांच्या पावसात बाहेरचा दाब सुमारे १.२, म्हणजे फरक ४.४. कोकणातल्या २७ अंशांच्या, ९० टक्के आर्द्रतेच्या पावसात बाहेरचा दाब सुमारे ३.२, म्हणजे फरक केवळ २.४. वाफेला बाहेर ढकलणारा जोरच जवळजवळ निम्मा. अशा हवेत कोमट पावसात भिजणे आणि शाळेत कोरडा सदरा बदलणे हा मार्ग कमी शास्त्रीय मुळीच नाही.

हे सारे वर्गात पडताळून पाहता येईल. लोकर, सुती, पॉलिएस्टर आणि प्लॅस्टिक यांचे सारख्या आकाराचे तुकडे घ्या. चार पेल्यांत कोमट पाणी ओतून त्यांवर हे तुकडे रबरबँडने ताणून बसवा आणि प्रत्येकावर एकेक कोरडा काचेचा पेला उपडा ठेवा. कोणत्या पेल्यावर वाफ धरते, किती वेळात धरते, ते नोंदवा. मग तेच तुकडे भिजवून, पिळून, पंख्याखाली टांगा आणि दर दहा मिनिटांनी वजन करा. हा दुसरा प्रयोग मे महिन्यात एकदा आणि जुलैत पुन्हा करायला विसरू नका. दोन आलेख शेजारी ठेवले, की कापडाचे गुण सांगताना हवेचे गुण का सांगावे लागतात, हे विद्यार्थ्यांना वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.