मामांचा बोका आणि अर्धी गोळी

भिवंडीला मामांच्या लूमवर एक बोका होता. सुताच्या पोत्यांवर झोपायचा आणि उंदरांचा बंदोबस्त ठेवायचा. एकदा लंगडायला लागला, म्हणून मामांनी मायेने पॅरासिटामॉलची अर्धी गोळी दुधातून पाजली. "अरे, लहान पोरांना देतात, याला काय होणार?" संध्याकाळी त्याचं तोंड सुजलं, हिरड्या तपकिरी पडल्या. दुसऱ्या दिवशी बोका गेला. मामा अजून हळहळतात. त्यांच्यासाठी म्हणून मी या शनिवारी जरा वाचत बसलो.

पॅरासिटामॉल रुग्णांना पहिल्यांदा दिलं गेलं १८९३ च्या सुमारास, पण घरोघरी पोचलं ते १९५० नंतर. आपलं यकृत या औषधाला ग्लुकुरोनिक आम्ल जोडतं आणि ते लघवीवाटे बाहेर जातं. मांजराच्या यकृतात हे काम करणारं एन्झाइमच नाही. मग औषध तुंबतं, त्याचं विष बनतं आणि रक्ताला ऑक्सिजन वाहता येत नाही.

असं का, हे २००० साली कळलं. ते एन्झाइम बनवणारं जनुक मांजरात आहे, पण मोडकं. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड आहे, रन होत नाही! २०११ मध्ये दिसलं की सिंह आणि चित्त्यातही ते तसंच मोडलेलं आहे. अंदाज असा, की झाडपाल्यातली रसायनं पचवायला हे एन्झाइम लागतं. निव्वळ मांसावर जगणाऱ्यांना त्याची गरजच उरली नाही.

एकाचं औषध दुसऱ्याचं विष, हा धडा आपल्या देशाने गिधाडं गमावून घेतला. वेदनेसाठी गुरांना डायक्लोफिनॅक द्यायचे. अशा मेलेल्या जनावराचं मांस खाल्लं की गिधाडाची किडनी निकामी व्हायची. कारण सापडलं २००४ मध्ये. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली. मुंबईत पारशी समाजाच्या दखम्यांवर गिधाडं उरली नाहीत. २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी आली आणि पर्याय म्हणून पुढे आलं मेलॉक्सिकॅम. गिधाडांवर तपासलेलं, सुरक्षित.

आता गंमत बघा. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच मेलॉक्सिकॅमवर ठळक इशारा छापायला लावला: मांजराला वारंवार दिल्यास किडनी निकामी होऊन मृत्यू येऊ शकतो. युरोपात मात्र अगदी लहान रोजच्या डोसला परवानगी आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. म्हणजे 'सुरक्षित औषध' असं काही नसतंच. कुणासाठी, किती आणि किती दिवस, हे विचारावंच लागतं.

तेव्हा घरात मांजर असेल तर आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी तिला देऊ नका, पावसुद्धा नाही. डॉक्टरांनी दिलेलं औषध चालू असताना तिने खाणं सोडलं, उलट्या केल्या, मलूल झाली किंवा पाणी-लघवीचं प्रमाण बदललं, तर औषध थांबवा आणि लगेच त्यांना फोन करा. चुकून गोळी पोटात गेलीच तर वाट बघू नका. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, पण तो वेळेत मिळायला हवा.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दूध मात्र त्याने सगळं प्यायलं रे. माझ्या हातून."